लायसन मिळाल्यानंतर

२००३ साली मी दुचाकीचे लायसन काढले तेव्हा मैदानावर चुन्याने एक इंग्रजी आठाचा आकडा आखलेला होता. त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवली की माणूस पास. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये नूतनीकरणाला गेलो. चाळिशी उलटलेली, म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला, फी भरली, काम झाले. मधल्या वीस वर्षांत मी गाडी कशी चालवतो हे कोणी पाहिले नव्हते आणि त्या दिवशीही कोणाला पाहायचे नव्हते. मी स्वतः सरकारी कारकून. सगळे नियमाप्रमाणे झाले हे माझ्याइतके कोणाला कळणार? पण आमच्याकडे टपाल नोंदवायची नवी संगणक प्रणाली आली तरी दोन दिवस प्रशिक्षण देतात, तेही चहा-बिस्किटांसह. टपाल चुकीच्या रकान्यात गेले म्हणून अजून कोणी मेल्याचे ऐकिवात नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. गोव्यात तर दुचाकी ही घरातल्या माणसासारखीच. बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना, सगळीकडे तीच. भाड्याने माणसे नेणारे पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट आपल्याकडे किती वर्षांपासून आहेत. आणि एवढे सगळे असून लायसन मिळाल्यानंतर पुढे काही शिकायचे असते, ही कल्पनाच आपल्याकडे नाही. ‘चालवायला येते’ म्हटले की विषय संपला.

माझ्या भाच्याचेही तेच म्हणणे. वय बावीस, गाडी साडेतीनशे सीसीची. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसात त्याच्या कॉलेजातला एक मुलगा वळणावर घसरून गेला. त्यानंतर बहिणीने माझ्यामागे लकडा लावला, “दादा, असले काही शिकवतात म्हणे. तू त्याला घेऊन जा.” भाचा म्हणाला, “मामा, लायसन आहे ना माझ्याकडे? आता काय परत आठ काढू?” शेवटी मीही नाव घालतो म्हटल्यावर तयार झाला.

एका रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानावर आम्ही बाराजण जमलो. त्यात एक नर्स होती, दोन शिक्षक होते, बाकी मोठ्या गाड्यांचे तरुण. शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, बोलायला मऊ. पहिला तासभर त्यांनी कोणाला गाडी सुरूच करू दिली नाही. टायरमधली हवा, चेन, लिव्हरपर्यंत बोटे नीट पोचतात की नाही, खांदे ताठ आहेत की सैल, हेच चालले होते. पोरांची चुळबूळ सुरू झाली.

मग ब्रेक. चाळीसच्या वेगाने यायचे आणि खुणेपाशी थांबायचे. आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. मागचा ब्रेक एकटा दाबला की गाडी खुणेच्या कितीतरी पुढे जात होती. दोन्ही नीट वापरले तर अंतर जवळपास निम्म्यावर येत होते. कारण सोपे आहे. कदंबाच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळे पुढे कलंडतो. गाडीचेही वजन तसेच पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला किती धरणार? मात्र पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळावे तसा वाढवत न्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला तर लहानपणापासून उलटेच सांगितले, ‘पुढचा ब्रेक धरू नको, उलटा पडशील’. माझ्या वडिलांनीही तेच सांगितले होते, आणि मला त्यांना चूक ठरवायचे नाही. त्यांची स्कूटर जुनी, पुढचा ड्रमब्रेक नावापुरता, रस्त्यावर खडी आणि लाल माती. डिचोली-साखळीच्या बाजूला २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी खनिजाच्या ट्रकांमुळे पावसात रस्त्यावर जो चिखल होई, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा सल्ला कुठून आला ते कळेल. रस्ते सुधारले, ब्रेक बदलले, सल्ला मात्र तसाच वारशाने पुढे आला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. या यंत्रणेत ब्रेक जोरात दाबला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. माहीत नसलेला माणूस घाबरून तो सोडून देतो आणि नको त्या क्षणी ब्रेक सुटतो. दाबूनच ठेवायचा असतो. हे गाडी विकणाऱ्याने सांगायला हवे, पण तिथे हार, पेढे आणि फोटो यांतून वेळ कोणाला!

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाचा अहवाल १९८१ साली निघाला. लॉस एंजेलिस भागातल्या नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांची त्यांच्या पथकाने जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांतले ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाच्या हाती दोन सेकंदही नसतात, असेही त्यात आढळले. दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही. हातापायांना जी सवय असेल तेच ते करतात.

जेवणानंतर वळणे घेतली. गाडी डोळ्यांच्या मागे जाते, एवढेच दुपारभर घोटवून घेतले. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर खड्ड्यातच जाल, वळण जिथे संपते तिकडे मान वळवा. मग अगदी सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने, क्लच अर्धा धरून आणि मागच्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी फिरवायची. हा भाग पोरांना कंटाळवाणा वाटला. माझ्या मते दिवसभरातला सर्वांत उपयोगी भाग तोच. दिवाडीच्या फेरीबोटीत ओहोटीच्या वेळी गाडी उतरवून पाहा. धक्क्याचा उतार शेवाळलेला, पुढे लोखंडी पत्रा ओला, मागे गाड्यांची रांग आणि बोटीवरचा माणूस ‘चल चल’ करतोय. तिथे वेगाचा काही उपयोग नसतो. गाडी सरळ ठेवायची, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळायचा नाही.

शेवटचा तास गाड्या बंद करून झाला. मैदानाच्या कडेला उभे राहून समोरच्या नाक्याकडे पाहायचे आणि आता काय होईल ते बोलायचे. बसस्टॉपवरची बस निघेल का? दार उघडेल ती गाडी कोणती? मला आमच्या गावचे एक म्हातारे पायलट आठवले. ते या विद्येतले पंडित. उभ्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा ते पाहत नाहीत, पुढचे चाक पाहतात, कारण चेहरा फसवतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले, म्हणजे भाड्याची गाडी आणि वर पर्यटक, की अंतर वाढवून “सवकास” असे स्वतःशीच पुटपुटतात. हे त्यांना कोणी शिकवले नाही. चाळीस वर्षांच्या धंद्याने शिकवले. पण पोराला चाळीस वर्षे द्यायची कुठून?

परतताना भाचा खुशीत होता, आणि माझी काळजी तिथेच सुरू झाली. बायपासच्या वळणावर तो माझ्यापुढून जरा जास्तच झोकात गेला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नव्याने परवाना मिळालेल्या दोन हजारांहून अधिक चालकांवर असा प्रयोग झाला होता. काहींना रस्त्यावर नेऊन प्रशिक्षण दिले, काहींना नाही. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. शिकलेल्यांचे अपघात कमी झाले नव्हते. आत्मविश्वास मात्र वाढला होता, आणि वेगाने चालवण्याचे प्रमाणही. हे वाचून प्रशिक्षणच नको असे मी म्हणणार नाही. पण नुसते हाताचे कसब शिकवले तर माणूस ते कसब वेगात खर्च करून टाकतो, असे मला वाटते. तो शेवटचा, कंटाळवाणा, नाक्यावरचा तास चार पट मोठा हवा होता. मी आयोजकांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, मग कोणी येणार नाही. तेही खरेच असावे.

आमच्या कार्यालयात तीसेक जण दुचाकीवरून येतात. त्यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचे असे प्रशिक्षण ठेवावे, अशी एक टिप्पणी मी वर पाठवली. ‘या विषयासाठी तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली?’ असा शेरा मारून ती परत आली. उत्तर शोधतो आहे.

बहिणीचा परवा फोन आला होता. “दादा, आता नीट चालवतो ना रे तो?” मी म्हटले, “दोन्ही ब्रेक वापरतो.” “म्हणजे?” म्हणाली. म्हटले, पावसापूर्वी त्याच्या गाडीचा मागचा टायर बदलून घे, गुळगुळीत झालाय. पैसे मी देतो.