तवशांची सुगी

पावसाळ्यात गोव्यातील वेलींना इतकी तवशी धरतात की, घरात ती संपता संपत नाहीत. २६ जुलै हा संत आनेचा दिवस. त्या सुमारास तिसवाडीतील तळावलीच्या ख्रिस्तमंदिरात निपुत्रिक दांपत्ये तवशी अर्पून अपत्य मागतात. माझ्या परिचयाच्या एका माउलीने ती कित्येक वर्षे अर्पिली. पाळणा मात्र हलला नाही. तरीही दर पावसाळ्यात ती जून तवशी किसते, त्यांच्याच पाण्यात तांदळाचा रवा भिजविते, गूळ व खोबरे घालून तवसळी भाजते आणि शेजारच्या मुलांना बोलावून वाढते. मागितले ते लाभले नाही. पण लाभले ते तिने आपल्यापुरते राखले नाही. आपल्या वेलीवरची तवशी पिकून सडण्यापूर्वी आपणही शेजाऱ्याचे दार ठोठावावे.