सतरावा नंबर

परवा संध्याकाळी घरातलं वाय-फाय बंद पडलं. लेकीला दुसऱ्या दिवशी कसलासा प्रोजेक्ट द्यायचा होता, त्यामुळे "बाबा, नेट गेलं!" ही आरोळी थेट स्वयंपाकघरापर्यंत आली. मी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. (यापलीकडे मला काही येत नाही, पण चेहरा मात्र सगळं येत असल्यासारखा ठेवायचा.) दिवा लालच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "पण नेट जातं म्हणजे नेमकं जातं कुठे?"

प्रश्न बरोबर होता. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर मला कॉलेजात नाही, वाशिमला आमच्या घरात मिळालं होतं.

आमचे अण्णा टेलिफोनात होते. लाइनमन. ते नोकरीला लागले तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. त्यांच्या सायकलच्या हँडलला कायम एक पिशवी. त्यात पक्कड, पेचकस, चिकटपट्टी आणि चिमटे लावून कुठल्याही तारेवर बोलता येईल असा एक फोन. जमिनीखालच्या जाड केबलमध्ये बारीक तारांच्या शेकडो जोड्या असतात आणि त्या ओळखायच्या रंगांवरून. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. हा क्रम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलनं भारतात इंटरनेट सामान्य माणसासाठी खुलं केलं, पण ते मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत. आमच्या घरी ते आलं 2002 मध्ये, कर्ज काढून घेतलेल्या असेंबल्ड कॉम्प्युटरबरोबर. मोडेमचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी डायल टोन, मग शिट्ट्या, मग खरखर. अण्णा पहिल्यांदा ते ऐकून धावत आले, त्यांना वाटलं लाइनमध्ये बिघाड आहे. मी सांगितलं, दोन मोडेम एकमेकांशी बोलतायत. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनलेली, म्हणून कॉम्प्युटरचे शून्य आणि एक हे मोडेम आवाजात बदलतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करतो. आवाजाची वाट अरुंद, म्हणून वेग जास्तीत जास्त 56 केबीपीएस. पाच एमबीचं एक गाणं उतरवायला लाइन चांगली असली तरी पंधरा-वीस मिनिटं लागायची. मध्येच कुणाचा फोन आला की बोंबला.

"पण या तारातून फोटू कसा जाते रे?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, अख्खा जातच नाही. त्याचे तुकडे होतात. एक तुकडा साधारण पंधराशे अक्षरांचा, आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. पत्ता म्हणजे आकडे. आपण लिहितो ते नाव. त्या नावाचा आकडा कोणता, हे सांगणारे वेगळे कॉम्प्युटर असतात, टेलिफोन डिरेक्टरीसारखे. मग वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर एक यंत्र तुकड्याचा पत्ता बघतं आणि पुढच्या नाक्याकडे ढकलतं. सगळे तुकडे एकाच वाटेनं जातील असं नाही. एखादा हरवला तर पलीकडचा कॉम्प्युटर कळवतो आणि तो पुन्हा पाठवला जातो. शेवटी सगळे तुकडे क्रमानं लावले की झाला फोटो.

त्या काळात तर आणखी गंमत होती. वाशिमहून 80-एक किलोमीटरवरच्या अकोल्याला मेल पाठवली तरी ती अमेरिकेला जाऊन परत यायची. एक तर आपल्या फुकटच्या मेलबॉक्सचे कॉम्प्युटर तिकडे. शिवाय आपल्याकडच्या दोन कंपन्यांची जाळी पुष्कळदा एकमेकांना भारतात जोडलेलीच नसायची. ती इथल्या इथे जोडायला 2003 मध्ये निक्सी नावाची संस्था निघाली. अण्णांना हे काही केल्या पटेना. "इथून अकोल्याले जायाले अमेरिका काहून लागते?" असं ते कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे.

जुलै 2004. माझी डिग्री होऊन वर्ष झालेलं, नोकरी नाही. पुण्या-मुंबईला अर्ज पाठवायचे आणि रोज रात्री मेल बघायची, हाच उद्योग. एका सोमवारी जोराचा पाऊस झाला आणि आमच्या भागातली केबल पाण्याखाली गेली. तांब्याच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की संपलं, शेकडो फोन एकदम मुके. अण्णा सकाळी सातला जायचे ते रात्री चिखलानं माखून यायचे. खड्डा उपसायचा, जॉइंट उघडायचा, पुसायचा, वाळवायचा आणि एकेक जोडी रंग बघून पुन्हा बांधायची.

मंगळवारी रात्री मी म्हटलं, "अण्णा, आपली जोडी आधी जोडून टाका ना. मला मेल बघायचीय."

त्यांनी जेवता जेवता वर न बघता सांगितलं, "तुहा नंबर सतरावा हाये."

"घरचाच माणूस असून?"

"घरचा हाये म्हणूनच."

सतरावा नंबर लागला शुक्रवारी संध्याकाळी. मी मोडेम लावला आणि मेलबॉक्स उघडला. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र मंगळवारी येऊन पडलेलं होतं. मुलाखत शुक्रवारी सकाळी अकरा वाजता.

मी त्या रात्री जेवलो नाही. अण्णांशी आठ दिवस बोललो नाही. पुढची मुलाखत यायला आठ महिने लागले. हे आठ महिने मी मनातल्या मनात अण्णांच्या नावावर लिहून ठेवले होते, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ते तिथंच होते.

यथावकाश पुण्यात नोकरी लागली. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातलं नेट एकदम गोगलगाय झालं. ऑफिसात सगळे हात बांधून बसले होते. मी रात्री अण्णांना फोनवर सांगितलं, सगळं जग म्हणतं इंटरनेट हवेतून येतं, पण ते समुद्राच्या तळाशी पडलेल्या, बागेतल्या पाण्याच्या नळीएवढ्या केबलमधून येतं. एक जहाज जातं, आकडा टाकून केबलचं टोक वर ओढतं, जहाजावरच माणसं बसून ते जोडतात आणि परत पाण्यात सोडतात.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अण्णा इतके खूश होऊन म्हणाले, "म्हंजे समुद्रातई लाइनमन असतेत तं!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या मोठ्या जाळ्याचा कारभार चालतो तो याच रीतीनं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते असं समोर आलं नव्हतं. नाक्यावरचं यंत्र साधारणपणे तुकडा कुणाचा ते बघत नाही. आधी आला तो आधी पुढे. तुमचा तुकडा पोचेलच अशी हमी नाही, पण जमेल तेवढं प्रामाणिकपणे करू, एवढंच वचन. यंत्राला हे शिकवावं लागतं. अण्णांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि एक गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवली होती. त्या आठवड्यात पाटणी चौकाकडचा कॅफे चालू होता. घरून चालत वीस मिनिटं. तासाचे पंचवीस रुपये द्यायला जिवावर आलं, आज-उद्या घरचीच लाइन सुरू होईल म्हणून मी बसून राहिलो. पण चूक अण्णांची ठरवणं सोपं होतं.

अण्णा 2009 मध्ये निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, "2004 च्या पावसात माझा नंबर सतरावा होता. पहिला कुणाचा होता हो?" वाटलं, आठवणार नाही. पण त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. बसस्टँडजवळ एका अपंग माणसाचं एसटीडी बूथ होतं. फोन बंद म्हणजे त्याच्या घरची चूल बंद. त्यानं सोमवारी सगळ्यांत आधी येऊन तक्रार लिहिली होती. माझ्या मुलाखतीचं त्यांना आठवत होतं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

असो. तर परवाचं नेट. मी तक्रार नोंदवली, पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, उद्या दुपारपर्यंत येतील, आधीच्या तक्रारी आहेत." मी "बरं" म्हणालो. लेकीनं रात्री मोबाइलवरून काम भागवलं. तिला सांगितलं, मोबाइलचं नेटही हवेत फक्त टॉवरपर्यंतच असतं; पुढे टॉवरच्या बुडाशी फायबर असतं, नाहीतर दुसऱ्या टॉवरकडे तोंड केलेली गोल तबकडी. मग पुन्हा तार आहेच.

दुसऱ्या दिवशी एक पोरगा शिडी घेऊन आला. गच्चीवर खारीनं फायबर कुरतडलं होतं. त्यानं केसाएवढा काचेचा धागा सोलला, पुसला, टोक अगदी सरळ कापलं आणि दोन्ही टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली. स्क्रीनवर ती एकमेकांजवळ सरकली, बारीक ठिणगी पडली, आणि काच काचेला चिकटली.

मी तेवढ्यात अण्णांना व्हिडिओ कॉल लावला होता. आता शहात्तर वर्षांचे आहेत, नीट दिसत नाही. पण चष्मा लावून, मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून ते तो जॉइंट बघत राहिले. पाच मिनिटं एक शब्द नाही. राउटरचा दिवा हिरवा झाला, लेक टाळ्या पिटत आत पळाली.

मग अण्णा म्हणाले, "त्याले चहा पाजला का?"