सात वारांचं कापड



आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाच्या वर एक कापड टांगलेलं आहे. पर्युषणात घरी येऊन गेलेल्या बऱ्याच जणींनी त्याचा फोटो काढून नेला आणि कसं केलं, काय वापरलं, किती दिवस लागले, असं विचारणं अजून चालूच आहे. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथं लिहिते. मात्र ते का केलं हे सांगितल्याशिवाय कसं केलं ते नीट कळणार नाही.

कापडाला सात घरं आहेत, सात वारांची. रसत्याग पाळणाऱ्या घरांत क्रम पाठच असतो: रविवारी मीठ नाही, सोमवारी हिरवं नाही, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. सहा रस आणि सोमवारचं हिरवं मिळून आठवडा पुरा होतो. माझ्या सासूबाईंनी हा नियम लग्नानंतर चार-पाच वर्षांत घेतला, गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता तेव्हा. आज त्या त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. बाळंतपणं, आजारपणं, घरातली लग्नं यात कुठंही खंड पडू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, किल्ल्या. मग एक दिवस माझ्या नणंदेचं नाव आठवेना. पण रोज सकाळी देवदर्शन झालं की एक प्रश्न ठरलेला, "आज वार कुठला गं?" सांगितलं की मान डोलवायच्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण एवढं बारीक त्यांना दिसत नाही. मोठ्या अक्षरांत पाटी लिहून बघितली. वाचायच्या, आणि वाचलेलं पाटीपासून ताटापर्यंत टिकायचं नाही.

घरात यावर बोलणं झालंच. नणंद म्हणाल्या, "वहिनी, आता आईला काही कळत नाही, वाटीत येईल ते खाऊ दे. वजन बघ किती उतरलंय." त्या लेक आहेत, त्यांचा जीव तुटतो, मी वाद घातला नाही. पण मला वाटायचं, ज्या बाईला पोटच्या पोरीचं नाव सापडत नाही तिला आज काहीतरी सोडायचंय एवढं मात्र सापडतं. विचारणं चालू आहे तोवर नियम त्यांचाच आहे. त्यांना गुपचूप ताकाची वाटी देणं मला तरी जमलं नसतं.

सासूबाईंचं माहेर निपाणीकडचं. हातात सुई-दोरा कायम असायचा. जुन्या लुगड्यांच्या वाकळा त्या स्वतः शिवायच्या, आणि कशिद्याचे टाकेही माहेरून घेऊन आल्या होत्या. डोळे गेले, नावं गेली, पण कापड हातात आलं की बोटं अजून शहाण्यासारखी फिरतात. तेव्हा ठरवलं, वार डोळ्यांना दाखवायचा नाही, बोटांना सांगायचा.

आता सामानाचं. रेशीम घ्यायचं नाही हे तर ठरलेलंच. कोश उकळत्या पाण्यात जातो तो आतल्या जिवासकट, त्या धाग्यानं त्यागाचं कापड भरणं शोभलं नसतं. म्हणून सगळं सुती. खाली मांजरपाट, आत अस्तराला सासूबाईंचंच विरलेलं सुती पातळ, वर भरायला सहापदरी सुती दोऱ्याच्या लड्या. बटणं करवंटीची घेतली. दुकानदारानं शिंपल्याची चकाकती बटणं पुढं केली होती, छान होती, पण शिंपला कुणाचं तरी घर असतं.

रंग घरी करायची हौस होती. नैसर्गिक रंगाची कुठलीही माहिती काढा, सुरुवात कांद्याच्या सालीनंच! आपल्या घरात साल आणायची कुठून? पण आपल्याला डाळिंब आहे. डाळिंबाची वाळलेली सालं उकळली की सुती कापडावर छान मोहरीसारखा पिवळा चढतो. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून काढायचं, म्हणजे रंग धरतो. त्याच डाळिंबाच्या पाण्यात गंजलेल्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं तर रंग फिरतो आणि शेवाळी होतो, सोमवारचं हिरवं मला त्यातूनच मिळालं. विटकरी लाल मंजिष्ठाच्या मुळांतून काढला. मूळ खायचं नसलं तरी रंगाला चालेल का, हा प्रश्न मलाही पडला होता. वाळकी मुळं बाजारात मिळतात, तीच आणली. लाखेचा लाल मात्र नको, ती किड्यांपासून येते. हळद मोहात पाडते, पण उन्हात उडून जाते आणि आमच्या त्या भिंतीवर सकाळचं ऊन येतं. हे सगळं थंडीत केलं. पावसाळ्यात रंगाची पातेली उघडी ठेवणं म्हणजे चिलटांना आमंत्रण. पाणी गाळूनच घेतलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

सगळ्यात अवघड होता रविवार. मीठ भरायचं कसं? पांढऱ्यावर पांढरं. शेवटी दोऱ्याचे दोन पदर घेऊन नुसते गाठीचे टाके घातले, दाट, एकाला एक लागून. दिसायला काहीच नाही, पण हात फिरवला की मिठाच्या भांड्यात बोटं गेल्यासारखी खरखर लागते. या एका घराला पंधरा दिवस गेले आणि माझ्या बोटाला घट्टा पडला. सोमवारी भेंडीच्या चकत्या भरल्या. भेंडी आडवी कापली की आत पाच कप्प्यांची चांदणी असते, ती रोज चिरताना दिसते आणि रोज दुर्लक्ष होतं. शेजारणीनं विचारलं, गाजर का नाही घातलंस, रंग उठून दिसला असता. पण हे कापड सहा दिवस खायचं आणि एक दिवस सोडायचं अशा गोष्टींचं आहे. गाजर या घरात आलंच नाही, तर सोडणार काय?

मंगळवारी गुळाची ढेप. मंजिष्ठाच्या रंगाचा तुकडा आत कापूस भरून फुगवला, आणि ढेपेकडे जाणारी मुंग्यांची एक रांग काळ्या दोऱ्यानं काढली. त्यावर नणंदेनं भुवया उंचावल्या. मुंगी सुईनं टोचून काढायची? तिला यशोधर राजाची कथा आठवली असणार, सोमदेवसूरींच्या यशस्तिलकातली. आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा बळी दिला आणि त्यापायी किती जन्म पशूच्या योनीत फिरावं लागलं. मी म्हटलं, ताई, तिथं मनात मारणं होतं. इथं मुंग्यांना वाट दिलीय. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, पण सासूबाईंनी पहिल्यांदा त्या घरावर हात फिरवला तेव्हा थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, मुंग्या लागल्यात. फुंकर घाल, हात नको लावूस." मग नणंदही हसल्या.

बाकीची घरं भरभर झाली. तुपाची लोटी, दुधाचं पातेलं, ताकाच्या डेऱ्यातली रवी, तेलाची बुधली. रवीच्या दोरीला खरीच सुताची दोरी लावली, ती ओढून बघायला सासूबाईंना आवडतं. दुधावर येणारी साय मलमलीच्या चुणीची केली. कडेला आतून जो टाका घातलाय त्याला शिवणाच्या वर्गात मच्छी टाका म्हणतात. आमच्या घरात तो नाव न घेताच घातला जातो.

काठ मात्र सासूबाईंच्या माहेरचा हवा होता, म्हणजे कसुतीचा. बेळगाव-धारवाडकडं इरकलीच्या पदरावर जी भरतात ती. तिचे चार टाके, गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे कन्नडमध्ये मेथी, फुलीसारखा टाका पडतो आणि मेथीचे दाणे पसरल्यासारखं दिसतं. कापडावर आधी काही छापायचं नाही, ताणे-बाणे मोजत जायचं. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे, गाठ मारायची नाही. मला मोजता मोजता घाम फुटला. सासूबाई शेजारी बसायच्या, आणि मी काठ पुढं केला की तो सरळ बाजूनं बघायच्याच नाहीत. उलटा करायच्या, मागून बोट फिरवायच्या. एकदा मेंथीच्या मागं गाठ लागली तर म्हणाल्या, "हे कुणी केलंय?" मी म्हटलं, मी. "मग उसव." पंचवीस वर्षांपूर्वी याच आवाजात मला पोळ्या परत लाटायला लावल्या होत्या. त्या दिवशी उसवताना मला फार बरं वाटलं.

प्रत्येक घराखाली एक बटण आहे आणि सगळ्यांत मिळून एकच लाल पट्टी, तिला काजं. सकाळी दर्शनानंतर सासूबाईंनी पट्टी कालच्या घरातून काढून आजच्या घराखाली लावायची. वार मी सांगते, घर त्या शोधतात. पट्टी लावून झाली की घरावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहतात. जेवताना विसरल्या तर मी काही बोलत नाही, हात धरून कापडापर्यंत नेते. गुरुवारी पातेल्यावरची साय बोटाला लागली की दुधाचा पेला स्वतःहून बाजूला सारतात.

मापं विचारली होती: एकेक घर सहा इंच बाय सहा, सात घरं एका ओळीत, काठ धरून साधारण चार फूट लांबी. सगळं मिळून चार महिने लागले, तेही दुपारच्या फावल्या वेळात. धुताना साबण सौम्य घ्या आणि सावलीत वाळवा.

एक गोष्ट राहिली. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रक्त तपासून बजावलं की या वयात, या उकाड्यात मीठ एक दिवसही बंद करू नका, सोडियम उतरलं तर गोंधळणं आणखी वाढेल. मी आर्यिका माताजींना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उन्हाळ्यापुरतं रविवारी मिठाऐवजी गोड सोडायला सांगितलं. मी सासूबाईंना समजावलं, त्यांनी हो म्हटलं आणि अर्थातच विसरल्या. आता रविवारी मी त्यांचं बोट धरून पट्टी गुळाच्या घराखाली लावते. त्या ढेपेवरून हात फिरवतात, मुंग्या चाचपतात आणि ठामपणे सांगतात, "आज मंगळवार." त्यामुळं चैत्र-वैशाखात आमच्याकडं आठवड्याला दोन मंगळवार येतात.