झाडाच्या दारी कोण राहतं?

मैत्रिणींनो, पनवेलला लेकीकडे नाहीतर जावेकडे गेलात, तर एक सकाळ मोकळी ठेवा आणि कर्नाळ्याला जाऊन या. पेणकडे जाणाऱ्या एसटीने बारा-तेरा किलोमीटरवर उतरायचं. अभयारण्य रस्त्याला लागूनच, वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला. १९६८ साली हे रान पक्ष्यांसाठी राखलं गेलं. आमची मंडळी पहिल्यांदा गेली तेव्हा दहा वाजता पोचली, डबे उघडून बसली आणि "पक्षी कुठायत?" म्हणत परत आली. पक्षी पानांत लपतात हो, पण त्यांची घरं लपत नाहीत. म्हणून यंदा फेब्रुवारीत मी पक्षी शोधलेच नाहीत, झाडांवरची भोकं शोधली.

पाणीपुरीच्या पुरीएवढं, वाटीने कापल्यासारखं गोल भोक, तेही वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला दिसलं, की समजा तांबट. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून ही युक्ती. भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोके दिल्यासारखा टुक् टुक् करतो, तोच हा. बुंदीच्या लाडवाएवढं भोक उभ्या खोडावर असेल तर बहुधा सुतार. पोपट मात्र आयत्या घरात शिरणारा. दुसऱ्याने सोडलेली ढोली धरतो आणि दार कुरतडून रुंद करतो, म्हणून त्याच्या कडा ओबडधोबड.

घरात कुणी आहे का, हेही कळतं. दारावर कोळ्याचं जाळं असेल तर बिऱ्हाड रिकामं. खाली लाकडाच्या कपच्या पडल्या असतील तर काम ताजं. अगदी बारीक भुसा असेल तर पक्षी नव्हे, कीड. खोडावर पांढरे ओघळ आणि खाली किड्यांचे पंख, उंदराची हाडं असलेल्या गोळ्या सापडल्या, तर पिंगळा. हात किंवा काठी मात्र आत घालू नका. ढोलीत साप आणि घोरपडही राहतात.

सगळ्यांत नवल राखी धनेशाचं. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा नि फळांचा चोथा वापरून दार आतून लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती उभी फट. दोन-अडीच महिने ती कोंडलेली. पिसंही झडतात, उडायची सोय नाही. नर वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. (आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जड जातो!) झाडाखाली बियांचा सडा दिसला, की वर पाहा. आम्हांला काही ती फट दिसली नाही.

संध्याकाळी पनवेलला धाकट्या जाऊबाईंच्या अंगणात चहा घेत होतो. दोरीवरचे कपडे काढताना वर पाहिलं, तर शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालून तस्संच गोल भोक! आणि ती फांदी उतरवायला माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. महापालिकेची परवानगीसुद्धा हातात.

"ताई, मुलं खाली खेळतात. डोक्यात पडली तर?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं. शेवगा ठिसूळ, आणि मी चार दिवसांची पाहुणी. मग आम्ही दोघी ओट्यावर गप्प बसून राहिलो. दहाव्या मिनिटाला कपाळावर लाल टिकली असलेला हिरवा पक्षी आला आणि भोकात गडप झाला. जाऊबाईंनी लगेच त्या माणसाला फोन लावला. फांदीला बांबूचा टेकू दिला, कपड्यांची दोरी आणि मुलांचा खेळ मागच्या अंगणात गेला. अंडी-पिलं मिळून दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न होता.

एप्रिलमध्ये भोकातून पिलांची डोकी दिसू लागली. ती उडून गेल्यावर, मे महिन्यात, फांदी उतरवली. भोकाचा तुकडा जाऊबाईंनी जपून ठेवला आणि तारेने आंब्याला बांधला. परवा फोन आला, "ताई, दयाळाची जोडी सकाळपासून आत डोकावतेय."