भरवशाची मशीन

माहूरला आमची लाकडाची वखार आहे. अब्बांनी ती सुरू केली, आता आम्ही तिघे भाऊ चालवतो. गावात वखार म्हटली की लोकांना वाटते, गॅस आल्यापासून हा धंदा बुडाला असेल. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा आम्हालाही तसेच वाटले होते. घरगुती जळतनाचे गिऱ्हाईक कमी झाले हे खरे. पण टाकी संपली आणि भरायला पैसे नसले की तेच गिऱ्हाईक पुन्हा काट्याशी येऊन उभे राहते. शिवाय माहूर हे बारा महिने माणसांचे गाव. नवरात्रात रेणुकामातेच्या गडावर, राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला, दत्तजयंतीला माणूस लोटतो. हॉटेलवाल्यांच्या आणि भंडाऱ्यांच्या चुली पेटत्या राहतात. सोनापीर बाबांच्या दर्ग्यावर कंदुरीच्या देगा चढतात. लग्नसराईत वलीम्याच्या बिर्याणीला बाभळीचाच निखारा हवा असतो. आणि मयत तर कोणत्याही महिन्यात होते. चितेचे लाकूड आमच्याकडूनच जाते आणि कबरीत आडव्या टाकायच्या फळ्याही आमच्याकडूनच.

अब्बांचे दोन नियम होते. पहिला, कागद नसलेले लाकूड वखारीत घ्यायचे नाही. माहूरच्या चारी बाजूंना जंगल आहे. रात्री कोणी सायकलवर सागाचे दोन तुकडे आणून टाकले तर भाव अर्धा पडतो; पण अब्बा म्हणत, "ये हराम का धुवाँ हय, घर में नक्को." आमचा माल शेताच्या बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, निंब, पडलेली शिरस असा. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे मालकाच्या स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे त्यांनी आम्हाला पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते. दुसरा नियम, मयताच्या लाकडावर नफा घ्यायचा नाही. मग ती मयत कोणाचीही असो.

अब्बांच्या वेळी सगळे काम कुऱ्हाड, करवत आणि पाचर यांवर चाले. ओंडके तोडायला आणि फोडायला आंध समाजातले एक गृहस्थ येत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ओंडक्याभोवती एक चक्कर मारून ते गाठ कुठे आहे ते पाहत, मग एका ठिकाणी पाचर ठेवत. तीन-चार घावांत ओंडका उभा दुभंगायचा. आम्ही तरुणपणी जोर लावून दहा घाव घातले तरी कुऱ्हाड अडकून बसे. काका हसून म्हणत, "लेकराहो, लाकडाला उभं इचारावं, आडवं इचारू नये."

अब्बा गेल्यावर धंद्याचा हिशेब आमच्याकडे आला. मजुरी वाढलेली, काका थकलेले. २०१८ मध्ये आम्ही लाकूड कापायची पेट्रोलवरची मशीन घ्यायची ठरवली. बाजारात गेलो. दुकानदाराने लाल-केशरी रंगाची एक मशीन पुढे ठेवली. ५८ सीसी, २२ इंचाची पट्टी, किंमत नावाजलेल्या कंपनीच्या मशीनच्या पाचव्या हिश्शाइतकी. आकडे मोठे, पैसे थोडे. आम्हाला वाटले, यापेक्षा शहाणपणाचा सौदा नाही. घरी आणून दोरी ओढली, मशीन गरजली आणि बाभळीचा बुंधा मिनिटाभरात आडवा कापला गेला. त्याच आठवड्यात आम्ही काकांना सांगितले, आता रोज येऊ नका, गरज पडली की बोलावू. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि "बरं" म्हणाले. एवढेच.

आमची चूक तिथेच झाली. चेनची मशीन लाकूड आडवे कापते. ओंडक्याचे तुकडे करते. पण चुलीत किंवा चितेत जायला लाकूड उभे फोडावे लागते, आणि ते काम कुऱ्हाडीचेच राहते. मशीन आली म्हणजे काका नकोत, हा हिशेब मुळातच चुकीचा होता. वखारीत कापलेल्या ओंडक्यांचा ढीग वाढत गेला आणि फोडलेले लाकूड मात्र रोजच्या विक्रीपुरतेच उरू लागले. तो ढीग पाहून आम्हाला काम झाल्यासारखे वाटे.

२०१९ चा श्रावण. रात्रीचे दहा वाजले असतील, बाहेर मुसळधार. आमच्या गुरुजींचा मुलगा छत्री घेऊन दारात उभा. गुरुजी गेले होते. प्राथमिक शाळेत आम्हाला मराठी त्यांनीच शिकवली. अब्बा उर्दूत शिकलेले, वखारीची वही उर्दूत लिहायचे. ती वही आज मराठीत आहे ती गुरुजींमुळे. मुलगा म्हणाला, "भाई, सकाळी आठला न्यायचंय. पाऊस आहे, लाकूड कोरडं पाहिजे." आम्ही म्हणालो, "काळजी करू नको."

कंदील आणि बॅटरी घेऊन वखारीत गेलो. एका चितेला तीन-चार क्विंटल लाकूड लागते. पावसाळ्यात थोडे जास्तच. फोडलेले लाकूड एक क्विंटलही नव्हते. पत्र्याखाली कोरडे ओंडके होते, पण लांब आणि जाड. आधी कापायचे, मग फोडायचे. मशीनची दोरी ओढली. एकदा, दहादा, तीसदा. प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला. मशीन खोकली आणि गप्प झाली. धाकट्याने चिडून जोराचा हिसका दिला तर दोरीच तुटून हातात आली. नंतर कळले की कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होऊन गेला होता, टाकीतले पेट्रोल दोन महिन्यांचे शिळे होते. पण कळून तरी काय? त्या मशीनचा सुटा भाग माहुरात नव्हता, किनवटलाही नव्हता. नांदेड इथून शंभराहून अधिक किलोमीटर, आणि ज्याने विकली त्या दुकानदाराने तर आधीच सांगून टाकले होते, "याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या."

थोरल्या भावाने मोटारसायकल काढली. कुठे चाललास हे आम्ही विचारले नाही. अर्ध्या तासात तो काकांना मागे बसवून घेऊन आला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात तीच कुऱ्हाड. वर्षभर आम्ही त्यांना एकदाही बोलावले नव्हते. ते काही बोलतील म्हणून आम्ही मान खाली घालून उभे. त्यांनी फक्त विचारले, "कोण गेलं?" नाव सांगितल्यावर "आरारा" म्हणाले आणि ओंडक्याभोवती चक्कर मारायला लागले. आम्ही जुनी करवत काढली. दोघे दोन टोकांना, तिसरा बॅटरी धरून, आणि काका फोडायला. फजरच्या अजानला शेवटचा ओंडका फुटला. सकाळी लाकूड वेळेवर गेले. आमच्या तळहातांचे फोड आठ दिवस राहिले. काकांना मजुरी देऊ लागलो तर म्हणाले, "ह्या लाकडावर तुमचा बाप नफा घेत नव्हता. मी घेऊ?"

त्यानंतर आम्ही दुसरी मशीन घेतली, पण या वेळी दुकानापासून सुरुवात केली नाही, वखारीपासून केली. आमचे लाकूड कोणते, किती जाड, रोज किती तास काम, बिघडली तर कोण उघडणार, हे आधी वहीत लिहिले.

आमची बाभूळ क्वचितच दीड फुटापेक्षा जाड असते. म्हणजे १८ इंचाची पट्टी पुरे. त्याहून जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. २२ इंचाची पट्टी नुसती वजन वाढवते, इंजिनावर ओझे टाकते. ५० सीसीच्या आसपासचे चांगले इंजिन रोजच्या कामाला पुरते. डब्यावर छापलेल्या सीसीपेक्षा ते गरम झाल्यावर किती वेळ दम धरते हे महत्त्वाचे. विजेवरच्या मशीनचाही विचार केला. आवाज कमी, खर्च कमी. पण शेताच्या बांधावर वायर न्यायची कुठून, आणि पावसाळ्यात वीज गेली तर पुन्हा तीच रात्र. चेन-ब्रेक हवाच. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. तो ब्रेक त्या क्षणी साखळी थांबवतो. पहिल्या मशीनला ब्रेकचा दांडा होता, पण तो नुसता दाखवायला.

१९२६ पासूनची जर्मन स्टिल आणि स्वीडनची हस्क्वार्ना, ही दोन नावे सगळीकडे ऐकू येत होती. आम्ही दोन्ही पाहिल्या. शेवटचा कौल नावाने दिला नाही. दुकानदाराला म्हणालो, आमच्यासमोर कार्ब्युरेटर उघडून दाखवा. पडदा, फिल्टर, दोरी, साखळी आत्ता काउंटरवर ठेवा. ज्याने ठेवले त्याच्याकडून घेतली. किंमत पहिल्या मशीनच्या पाचपट. जादा साखळी, दोन प्लग, पडद्याचा एक संच तेव्हाच बरोबर आणला.

साखळीची एक गोष्ट त्या दुकानदाराने सांगितली, ती आमच्या मनात राहिली. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या ओंडक्यातली एक अळी न्याहाळत बसला. ती अळी डावीकडे-उजवीकडे कोरत लाकूड सहज पोखरत जात होती. तिच्या जबड्याच्या आकारावरून त्याने साखळीचे दात बनवले. आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. अल्लाहने किड्याला दिलेली हिकमत माणसाने पाहून घेतली. काकांना हे सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. म्हणाले, "किडा लाकूड बघून खातो. तुम्ही बघत नाही."

खरेच, मशीन निम्मी बिघडते ती न बघण्याने. बांधावरच्या बाभळीत जुनी तार, खिळा गिळलेला असतो. तारेवर साखळी गेली की दात गेले. मुळाजवळची माती झाडली नाही तर धार दहा मिनिटांत जाते. आता आम्ही दर पेट्रोलच्या टाकीला एकदा कानस फिरवतो, आमच्या ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. भुसा जाड पडतो तोवर साखळी ठीक. पिठासारखा पडू लागला की थांबायचे. एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, मापाने, अंदाजाने नाही. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल धरते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करायचे, आणि मशीन काही दिवस पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे.

पण सगळ्यात मोठा बदल मशीनमध्ये नव्हता. फाल्गुन ते वैशाख आम्ही कापून घेतो, उन्हात रचतो, मृगाच्या आत पत्र्याखाली नेतो. दोन चितांचे लाकूड फोडून, कोरडे, वेगळ्या कोपऱ्यात कायम ठेवतो. एक गेले की दुसऱ्याच दिवशी तेवढे भरतो. त्या कोपऱ्यातले लाकूड वलीम्याला नाही, हॉटेलला नाही. ती अमानत आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. तो कोपरा दिवसाआड रिकामा होऊ लागला. रमजान होता; रोजा ठेवून आम्ही सहरीनंतर कापायला सुरुवात करायचो, दुपारपर्यंत मशीन चाले. त्या महिन्यात मशीन एकदाही अडली नाही. पण ती एकटी पुरली असती असे आम्ही म्हणणार नाही. काका पुन्हा रोज येत होते आणि त्यांचा नातू फोडायला शिकत होता. आज तोच नातू मशीनही चालवतो, कानसही फिरवतो. काका बाजेवर बसून आवाज ऐकतात आणि साखळी बोथट झाली की आमच्या आधी त्यांना कळते.

आता किनवटकडचे, पुसदकडचे वखारवाले आम्हाला विचारायला येतात, "भाई, भरवशाची मशीन कोणती?" आम्ही कंपनीचे नाव लगेच सांगत नाही. आधी विचारतो, फोडणारा कोण आहे? बिघडली तर उघडणारा कोण आहे? पावसाळ्यात फोडलेले लाकूड किती असते? काहींना हे विषयांतर वाटते. ते नाव विचारून निघून जातात.

उंट बांधून मग तवक्कुल करावे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही पहिल्या वेळी न बांधताच तवक्कुल केला होता, आणि बांधून ठेवायचा तो माणूस सोडून दिला होता. मशीनच्या शेजारी भिंतीला आम्ही काकांची कुऱ्हाड टांगली आहे. शोभेला नाही. दर जुम्याला नमाजआधी तिलाही धार लावतो.