चोच पिकायची आहे

त्या काळच्या औरंगाबादेत पाणचक्कीजवळच्या पुलावर रविवारी सकाळी तात्या मला फिरावयास नेत. खाम नदीला तेव्हा नदी म्हणावे इतपत पाणी असे. एकदा तिथे तारेवर खंड्या बसला होता. तपकिरी डोके, पांढराशुभ्र गळा, निळी पाठ आणि पोवळ्यासारखी लाल चोच. खाली पाण्यावर वाकलेल्या फांदीवर तसाच निळा, पण चिमणीहून थोडाच मोठा आणि काळ्या चोचीचा दुसरा.

"तात्या, हा कोण हो?"

"त्याचं पोर. चोच पिकायचीय अजून."

'माहीत नाही' असे उत्तर तात्यांनी कधी कुणाला दिल्याचे मला आठवत नाही. मला ते इतके पटले की मी पुढे माझ्या मुलालाही तेच सांगितले.

गेल्या भाद्रपदात नातीला घेऊन दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवरावर गेलो. आमच्या लहानपणी हाच खिजरी तलाव. काळ्या चोचीचा तो चिमुकला दिसताच मी तात्यांचे वाक्य म्हटले. नातीने दुर्बीण खाली घेतली.

"आजोबा, हे पिल्लू नाही. पक्षीच वेगळा आहे."

मग तिने माझी शिकवणीच घेतली. हा सतरा सेंटीमीटरचा, तो अठ्ठावीसचा. आणि बिळातले पिल्लू बाहेर पडते तेच जवळजवळ आईबापांएवढे होऊन. हा पाण्यात सूर मारून मासे धरतो; तो तारेवरून गवतातले नाकतोडे आणि सरडेही टिपतो. कुल एक, पण उपकुले निराळी.

"तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

"असंच, कुणीतरी," मी म्हणालो.

ते 'कुणीतरी' रात्री झोपू देईना. उठून पुस्तके काढली. लिनीअस हा वर्गीकरणाचा आद्य पुरुष. १७५८ च्या ग्रंथात त्याने लाल चोचीच्या खंड्याला स्मर्ना शहराचे (म्हणजे आजच्या इझमीरचे) नाव देऊन 'अल्सेडो' वंशात घातले. पुढे त्याला तेथून 'हॅल्सिऑन' वंशात हलवावे लागले. लहानग्याची तर मौजच! युरोपातला त्याने खंड्यांतच ठेवला. इजिप्तमधला तोच पक्षी मात्र चक्क मैनेच्या वंशात नेऊन बसविला. एकाच ग्रंथात एका पक्ष्याची दोन घरे! तात्यांनी निदान खंड्याला खंड्याच्याच घरात ठेवले होते. शिवाय लाल चोचीच्या खंड्याचे खरे पिल्लू काळपट तपकिरी चोचीचेच असते, हेही वाचावयास मिळाले. म्हणजे चोच पिकते हे खरेच. तात्यांचे चुकले ते फक्त पोर ओळखण्यात.

पुढल्या रविवारी नातीला सारे सांगितले; कुणी सांगितले होते, तेही. ती हसली नाही. तात्या दिसायला कसे होते, एवढेच तिने विचारले. मी सांगत होतो तोच तिने माझा हात दाबला आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. बाभळीवर मळकट चोचीचा, मोठ्या अंगाचा एक खंड्या बसला होता.

"आजोबा, पणजोबांचं पोर!"