एक तारीख ते दहा तारीख

भर मीटिंगमध्ये त्या पोराला चोर म्हटलं गेलं. गोष्ट 2005 सालची आहे, आणि आजही ती आठवली की माझं डोकं तापतं. त्यानं एक पैसा खाल्ला नव्हता. त्याच्या प्रोग्रॅमनं बेरीजही चुकवली नव्हती. तरी त्याच्या आईनं पुढं कित्येक दिवस संस्थेत दूध घालायला जाणं टाळलं, धाकट्या मुलीला पाठवलं.

मी तेव्हा इस्लामपुरात एका लहान क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक शिकवत होते. सहावी आवृत्ती, 1998 ची, आणि माहिती साठवायला अ‍ॅक्सेस. वाळवा तालुक्यातल्या ज्या पोरांना साखराळ्याच्या आरआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळायची नाही, ती बी.कॉम. करता करता आमच्याकडे यायची. हा त्यातलाच. कृष्णाकाठचं गाव, घरी दोन म्हशी, गणित चांगलं. गावातल्या दूध संस्थेसाठी त्यानं प्रोग्रॅम केला: सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर, पेंडीची कपात, आणि दर दहा दिवसांनी बिल. नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत चालू व्हावं म्हणून संस्थेनं 21 मार्चपासून नोंदी त्यात घ्यायला सुरुवात केली.

नवशिक्याला जे त्रास होतात ते सगळे त्याला आधी होऊन गेले होते. क्लासमध्ये चालणारी एक्झी फाइल संस्थेच्या मशीनवर उघडेना, कारण तारीख निवडायच्या चौकटीची ओसीएक्स फाइल तिथं रजिस्टर नव्हती. ती केली तर डेटाबेस सापडेना, कारण त्याचा पत्ता कोडमध्ये घरच्या मशीनचाच लिहिलेला. तो बदलून एक्झी जिथं असेल तिथलाच डेटाबेस घ्यायला लावला. मग भारनियमन. त्या वर्षी वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, संस्थेत यूपीएस नव्हता, आणि नोंद चालू असताना वीज गेली की अ‍ॅक्सेसची फाइल बिघडायची. ती दुरुस्त करायचं मी त्याला शिकवलं. या अडचणींचं मला काही वाटत नाही. त्या ओरडून सांगतात. पडद्यावर चौकट येते, चुकीचा नंबर येतो, कुणाला तरी विचारता येतं.

21 ते 31 मार्चचं पहिलं बिल पैशापैशाला जुळलं. सचिवांनी वहीशी ताडून पाहिलं. पेढे वाटले.

दुसरं बिल 1 ते 10 एप्रिलचं. सकाळी वाटप सुरू झालं आणि निम्म्या सभासदांचे पैसे द्यायच्या आतच पेटी रिकामी झाली. पत्रकावर वर ‘01/04/2005 ते 10/04/2005’ असं स्वच्छ छापलेलं, पण प्रत्येकाची रक्कम दुपटीहून थोडी जास्तच. ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी कुणी बोललं नाही. त्यांना मी दोष देत नाही, बिल वाढून आलं तर माणूस दर वाढला असेल असंच समजतो. पण पहिल्या रांगेत पैसे घेऊन गेलेल्यांत या पोराचा चुलता होता. तिथून सगळं फिरलं.

पोरगा सीडीवर डेटाबेस घेऊन धावत क्लासला आला. आमच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम, तोच डेटाबेस, त्याच तारखा. बिल बरोबर. पुन्हा काढलं, बरोबर. तो आनंदानं परत गेला, संस्थेच्या मशीनवर काढलं तर परत दुप्पट. संस्थेनं ते बिल वहीवरून पुरं केलं आणि याला पुढच्या बिलापर्यंत मुदत दिली. 11 ते 20 एप्रिलचं बिल काढलं तेव्हा सगळ्या सभासदांपुढं शून्य आलं. त्या संध्याकाळी मीटिंग बोलावली, आणि त्यानं मला बरोबर यायची विनंती केली म्हणून मी गेले.

चेअरमन मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या क्लासात बरोबर येतंय आन् हितं दुप्पट येतंय. मशीन काय गाव बघून हिशेब करतंय व्हय? पोरानं आत काय तरी घालून ठेवलंय.” मागून कुणीतरी तो शब्द उच्चारला. पोरगा एवढंच म्हणाला, “मॅडम, मी कायबी केलेलं नाही वो.” त्याचा चुलता उठून उभा राहिला, सगळे पैसे टेबलावर ठेवले आणि निघून गेला. पैसे परत करणं हाही तिथं गुन्ह्याचा पुरावाच ठरला.

क्लासात बरोबर आणि इथं चूक, हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. चेअरमन ज्याला लबाडीचा पुरावा म्हणत होते, तोच खरा धागा होता. प्रोग्रॅम एकच, माहिती एकच, मग दोन मशीनमध्ये वेगळं काय? संस्थेच्या मशीनवर व्हिज्युअल बेसिक नव्हतं, नुसती एक्झी होती, म्हणून आत डोकावून बघता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही कोडमध्ये एकच ओळ वाढवली: डेटाबेसला प्रश्न पाठवण्याआधी तो प्रश्न जसाच्या तसा पडद्यावर दाखव. नवी एक्झी सीडीवर घेऊन दोघं गावात गेलो.

आमच्या क्लासच्या मशीनवर त्या चौकटीत आलं होतं 4/1/2005. संस्थेच्या मशीनवर आलं 01-04-2005.

क्लासची मशीनं विंडोज टाकल्यावर जशी होती तशीच होती, म्हणजे अमेरिकी पद्धतीची, आधी महिना मग दिवस. संस्थेचं मशीन जुळवून देणाऱ्यानं कंट्रोल पॅनेलमध्ये इंडिया निवडलं होतं, आणि ते त्यानं योग्यच केलं होतं. व्हिज्युअल बेसिकमध्ये तारीख नुसती जोडून वाक्य बनवलं की ती त्या मशीनच्या सेटिंगप्रमाणे लिहिली जाते. पण अ‍ॅक्सेसच्या पोटातलं जेट इंजिन दोन हॅश चिन्हांमधली तारीख वाचताना ते सेटिंग बघत नाही. ते आधी महिना धरतं. म्हणून 1 एप्रिलचा झाला 4 जानेवारी आणि 10 एप्रिलचा झाला 4 ऑक्टोबर. जानेवारी ते ऑक्टोबर या पट्ट्यात डेटाबेसमधलं सगळंच दूध आलं, 21 मार्चपासूनचं. दहा दिवसांऐवजी एकवीस दिवसांचे पैसे.

आणि पहिलं बिल बरोबर का आलं? हे कळलं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिले. एकविसावा महिना नसतो. महिना म्हणून वाचता येत नाही असं दिसलं की जेट काही न बोलता तोच आकडा दिवस समजतं. म्हणजे 13 तारखेपासून पुढं सगळं बरोबर, 12 तारखेपर्यंत सगळं उलटं. तिसऱ्या बिलात 11 एप्रिलचा झाला 4 नोव्हेंबर, 20 एप्रिल मात्र 20 एप्रिलच राहिला. 4 नोव्हेंबरच्या पुढचं आणि 20 एप्रिलच्या अलीकडचं दूध असूच शकत नाही. म्हणून शून्य.

तेही शून्य म्हणून यायला नको होतं. काहीच नोंद न सापडल्यावर बेरजेला किंमतच नसते, आणि ती आकड्याच्या चलात घालायला गेलं की व्हिज्युअल बेसिक 94 नंबरची चूक दाखवून थांबतं. थांबलं असतं तर पोराला काही कळलं असतं. पण वर ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’ लिहिलेलं होतं. चूक आली तर पुढच्या ओळीवर जा. ही ओळ मी आजवर शेकडो विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये पाहिली आहे. त्यांना वाटतं, यामुळे प्रोग्रॅम बंद पडत नाही. खरं म्हणजे बंद पडणं हीच प्रोग्रॅमची प्रामाणिक वागणूक आहे. गप्प राहून चुकीचं पत्रक छापणारा प्रोग्रॅम माणसाला तोंडघशी पाडतो, आणि लिहिणारा नवखा असेल तर त्याला बाजू मांडायलाही काही उरत नाही.

दुरुस्ती लहान होती. तारीख जोडण्याआधी तिला स्वतः रूप द्यायचं: आधी साल, मग महिना, मग दिवस. 2005-04-01 असं लिहिलं की कुठल्याही देशाच्या सेटिंगवर एकच अर्थ निघतो. त्याहून चांगलं म्हणजे तारीख वाक्यात चिकटवायचीच नाही, पॅरामीटर म्हणून वेगळी द्यायची. हे मी आता पहिल्या आठवड्यात शिकवते. पैशाला डबल नको, करन्सी घ्या, हेही. राउंड नावाचं फंक्शन अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार, बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून दुधाच्या हिशेबात ते डोळे झाकून वापरू नका. गावाचं, तालुक्याचं नाव कोडमध्ये कोरून ठेवू नका. जुलै 2025 मध्ये इस्लामपूरचं ईश्वरपूर करण्याचं विधानसभेत जाहीर झालं, तेव्हा पावतीच्या मथळ्यासाठी अख्खी एक्झी पुन्हा बनवायची वेळ यायला नको.

आमच्या अभ्यासक्रमात काय असायचं? कॅल्क्युलेटर, लॉगिनचा फॉर्म, नोटपॅडची नक्कल. दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन चालवणं कुठंच नव्हतं. पोहणं शिकवावं आणि विहीर दाखवूच नये तसं ते. पुस्तकातली तारखांची उदाहरणं तर सगळी अमेरिकी पद्धतीची.

त्या दिवशी गावात मी सचिवांना, चेअरमनना शेजारी बसवून सगळं दाखवलं. सेटिंग बदलून एकदा दुप्पट, एकदा बरोबर. चेअरमननी दोन्ही पत्रकं हातात घेऊन नीट पाहिली. त्यांना कळलं, मला दिसत होतं. मग मी म्हणाले, “चेअरमनसाहेब, मागच्या मीटिंगमध्ये याच्यावर आळ आला. प्रोसिडिंगला दोन ओळी लिहा की यात अफरातफर नव्हती.” ते म्हणाले, “आळ कुठं लिवलाय आमी? जे लिवलंच न्हाई ते खोडायचं कसं?” आणि विषय संपला.

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दुप्पट बिलाचा नाही, ओरडण्याचाही नाही. आळ तोंडी घ्यायचा आणि तो तोंडी होता म्हणून पुसायचाही नाही.

पण अलीकडे मी त्या चेअरमनच्या बाजूनंही विचार करते. दीडशेच्या आसपास सभासद, त्यांतल्या कित्येकांच्या घरात दुधाचं बिल हाच नगद पैसा. समोर एक वीस वर्षांचा पोरगा, एक मशीन जे दोन ठिकाणी दोन हिशेब सांगतं, आणि जास्त पैसे नेणाऱ्यांत त्याच पोराचा चुलता. त्यांनी संशय घेतला नसता तर त्यांना संस्था सांभाळता आली असती का? इथवर आलं की माझा राग मऊ होतो. मग ते प्रोसिडिंग आठवतं आणि परत येतो.

जेट इंजिनवरही मी वर्षानुवर्षं चिडून होते. एकविसावा महिना दिसल्यावर त्यानं सरळ चूक दाखवायला हवी होती, समजुतीनं घ्यायला नको होतं. पण ते आधी महिना धरतं हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि ते दस्तऐवज इंग्रजीत, बी.कॉम.च्या पोराच्या हाती न पडणारे. तेव्हा मराठीत या विषयावर धड दहा पानं कुणी लिहिली असती तर, असं वाटतं. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2008 मध्ये व्हिज्युअल बेसिक सहाचा उरलासुरला आधार काढून घेतला. आता पोरं सी शार्पमध्ये, पायथनमध्ये लिहितात, आणि एक ते बारा तारखेचा घोटाळा तसाच घेऊन येतात, कधी एक्सेलच्या फाइलमधून, कधी परदेशी सेटिंगच्या लॅपटॉपवरून.

तो प्रोग्रॅम त्या संस्थेत पुढं बरीच वर्षं चालला. ठरलेल्या पैशांतले निम्मे मिळाले, बाकीचे “झालेल्या त्रासापोटी” कापले. पोरानं त्यानंतर एकही ओळ लिहिली नाही. तो एका पतसंस्थेत लागला, आता तिथं शाखाधिकारी आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारलंच. म्हणाला, “नाही मॅडम, त्यामुळं नाही सोडलं. मला मुळात त्यात गोडी नव्हती.” एवढ्या रात्री जागून त्यानं फॅट-एसएनएफचा दरतक्ता बसवला होता. त्याला गोडी नव्हती, हे मी मानत नाही.